शून्याच्या आत काय असतं? प्रजाती आढळण्याची संभाव्यता कशी काढायची

संध्याकाळी तळ्याकाठी वीस मिनिटं कान देऊन उभे राहिलात. ज्या बेडकासाठी आलात त्याचा आवाज आला नाही. वहीत ० लिहिलंत आणि पुढच्या तळ्याकडे निघालात. हंगाम संपला तेव्हा साठ तळी फिरून झाली होती. तीस तळ्यांवर बेडूक मिळाला, तीस तळ्यांवर नाही. आता अहवालात ‘निम्म्या तळ्यांवर बेडूक आहे’ असं लिहायचं का?

तसं लिहिता येणार नाही, कारण त्या तीस शून्यांमध्ये दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या आहेत. काही तळ्यांवर बेडूक खरोखरच नाही. काही तळ्यांवर तो होता, पण त्या वीस मिनिटांत ओरडला नाही, किंवा ओरडला आणि वाऱ्यात ऐकू आला नाही. वहीत दोन्ही सारखीच दिसतात. ती एकमेकांपासून सोडवायची असतील, तर आणखी एक आकडा हवा: प्राणी तिथे असताना तो आपल्या नोंदीत येण्याची शक्यता किती? यालाच आढळण्याची संभाव्यता म्हणतात. फील्डवरची मंडळी सरळ ‘डिटेक्शन’ म्हणतात.

हा आकडा कसा काढायचा ते नवख्यांसाठी इथे क्रमाने लिहितो. गणित आहे, पण बरंचसं कागद-पेन्सिलीने होण्याजोगं आहे. निदान पहिल्यांदा तरी ते हाताने करावंच, असं माझं मत आहे. थेट सॉफ्टवेअरपासून सुरुवात केली की आकडे मिळतात, पण ते कुठून आले हे कळत नाही.

आधी आकड्याची अट समजून घ्या

ही संभाव्यता नेहमी अटीसह येते: प्राणी त्या जागी आहे असं धरून, एका भेटीत, ठरावीक पद्धतीने शोधल्यावर तो आढळण्याची शक्यता. म्हणून ‘घुबडाची संभाव्यता किती?’ हा प्रश्न अपुरा आहे. चांदण्या रात्री की अमावास्येला? दहा मिनिटं की अर्धा तास? ध्वनिमुद्रित हाक वाजवून की नुसतं ऐकून? यातलं काहीही बदललं की आकडा बदलतो. तो प्रजातीच्या अंगचा गुण नसून प्रजाती, जागा, वेळ, पद्धत आणि निरीक्षक या सगळ्यांचा मिळून बनतो.

त्यामुळेच तो न काढता केलेल्या तुलना फसव्या ठरतात. समजा, दाट झाडीत आणि मोकळ्या माळावर एक पक्षी सारख्याच प्रमाणात आहे, दोन्हीकडे निम्म्या जागांवर. झाडीत एका भेटीत तो आढळण्याची संभाव्यता ०.३ आहे, माळावर ०.६. प्रत्येक जागी तीन भेटी दिल्या, तर झाडीत सुमारे ३३ टक्के जागांवर तो मिळेल आणि माळावर ४७ टक्के. पक्षी दोन्हीकडे तेवढाच असूनही ‘याला माळ आवडतो’ असा निष्कर्ष निघेल आणि त्यावर संवर्धनाचे निर्णय घेतले जातील. मला या विषयाची तळमळ वाटते ती यासाठीच.

पायरी १: जागा, भेट आणि हंगाम ठरवा

‘जागा’ म्हणजे काय ते आधी पक्कं करा. तळं असेल तर सोपं आहे, त्याला काठ असतो. जंगलात मात्र चौकटी आखाव्या लागतात, आणि चौकट केवढी हे प्राण्याच्या वावराच्या क्षेत्रावरून ठरवावं. चौकट फार लहान आखली तर एकच बिबट्या आज या चौकटीत आणि उद्या शेजारच्या चौकटीत असेल. मग तुमचा आकडा ‘तिथे राहतो’ असं न सांगता ‘तिथून जातो-येतो’ एवढंच सांगेल. तेही उपयोगी असतं, फक्त अहवालात ‘व्याप्ती’ (एकूण जागांपैकी किती जागांवर प्राणी आहे ते प्रमाण) याऐवजी ‘वापर’ असा शब्द घाला.

दुसरी गोष्ट हंगामाची. सगळा हिशोब एका गृहीतावर उभा आहे: तुमच्या पहिल्या भेटीपासून शेवटच्या भेटीपर्यंत जागेची स्थिती बदलत नाही. प्राणी आहे तर आहे, नाही तर नाही. पहिली भेट स्थलांतरित पक्षी येण्याआधी आणि तिसरी तो आल्यावर झाली, तर पहिलं शून्य ‘चुकलं’ या खात्यात जाईल, खरं तर तो तेव्हा आलाच नव्हता. संभाव्यता विनाकारण कमी दिसेल आणि व्याप्ती फुगेल. भेटी दाटीवाटीने उरका, एका हंगामाच्या मधल्या स्थिर काळात.

पायरी २: त्याच जागी पुन्हा जा

सगळ्या पद्धतीचा कणा हाच आहे. एकाच भेटीच्या माहितीतून ‘नव्हता’ आणि ‘चुकला’ यांना वेगळं करण्यासाठी फार नाजूक गृहीतकं धरावी लागतात. पुन्हा गेल्यावर मात्र ज्या जागी प्राणी एकदा दिसला तिथे तो किती वेळा दिसला नाही, हे कळतं, आणि त्यावरून चुकण्याचं प्रमाण काढता येतं.

पुनरावृत्ती वेगवेगळ्या प्रकारे करता येते. वेगवेगळ्या दिवशी जाणं सर्वात स्वच्छ. एकाच दिवशी दोन निरीक्षकांनी स्वतंत्रपणे नोंद घेणंही चालतं. इथे ‘स्वतंत्रपणे’ या शब्दावर जोर आहे: एकाने बोट दाखवून ‘तो बघ’ म्हटलं की दुसऱ्याची नोंद वाया गेली. कॅमेरा ट्रॅपमध्ये सलग दिवसांचे गट पाडून, उदाहरणार्थ पाच-पाच दिवसांचे, प्रत्येक गटाला एक भेट मानतात. ध्वनिमुद्रक लावले असतील तर प्रत्येक रात्र ही एक भेट.

पायवाटेचे एक-एक किलोमीटरचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याला भेट मानण्याची पद्धतही आहे, पण ती जपून वापरा. वाघासारखा प्राणी वाटेने चालत जातो, त्यामुळे एका तुकड्यात पाऊलखुणा मिळाल्या की पुढच्यातही मिळण्याची शक्यता वाढते. हे तुकडे एकमेकांपासून स्वतंत्र नसतात. वाघांच्या अशाच सर्वेक्षणासाठी २०१० मध्ये हाइन्स आणि सहकाऱ्यांनी या परस्परसंबंधाला सामावून घेणारं वेगळं प्रारूप (गणिती मॉडेल) मांडलं. तुकड्यांची पद्धत वापरणार असाल तर तेच घ्या, साधं नको.

पायरी ३: भेटी किती?

एका भेटीत न दिसण्याची शक्यता घ्या आणि जितक्या भेटी तितक्या वेळा ती स्वतःशीच गुणा. सगळ्या भेटी फुकट जाण्याची शक्यता मिळाली. ती १ मधून वजा केली की ‘निदान एकदा तरी आढळेल’ ही एकत्रित संभाव्यता मिळते. एका भेटीची संभाव्यता ०.३ असेल आणि चार भेटी दिल्या, तर ०.७ × ०.७ × ०.७ × ०.७ = ०.२४. म्हणजे प्राणी असलेल्या दर शंभर जागांपैकी चोवीस जागांवर तुम्ही चार चकरा मारूनही हात हलवत परत याल.

हाच हिशोब उलटा केला की ९५ टक्के खात्रीसाठी किती भेटी हव्यात ते कळतं. संभाव्यता ०.५ असेल तर ५ भेटी, ०.३ असेल तर ९, ०.२ असेल तर १४ आणि ०.१ असेल तर २९. सापांवर काम करणाऱ्यांना या शेवटच्या आकड्यांचा अर्थ नीट ठाऊक असतो.

पण प्रत्येक जागी ९५ टक्के खात्री मिळवणं हे बहुतेक सर्वेक्षणांचं ध्येय नसतं. एकूण किती टक्के जागांवर प्राणी आहे हे सांगायचं असतं आणि मनुष्यबळ ठरलेलं असतं. अशा वेळी खरा प्रश्न असतो जागा जास्त घ्यायच्या की भेटी. समजा, तुमच्याकडे एकूण १२० भेटींची ताकद आहे, खरी व्याप्ती सुमारे दोन तृतीयांश आहे आणि संभाव्यता ०.५. ६० जागा दोनदा पाहिल्या तर व्याप्तीच्या अंदाजाची प्रमाण त्रुटी (अंदाज खऱ्या आकड्यापासून साधारण किती हलू शकतो ते माप) ०.१२ येते. ४० जागा तीनदा किंवा ३० जागा चारदा पाहिल्या तर ती ०.१० च्या आसपास येते. फरक आहे, पण मोठा नाही.

आता संभाव्यता ०.३ धरा. ६० जागा दोनदा: त्रुटी ०.२५. म्हणजे अंदाज जवळजवळ निरुपयोगी. २० जागा सहादा: त्रुटी ०.१३. तेवढेच कष्ट, त्रुटी निम्मी. नवखी मंडळी जास्तीत जास्त जागा फिरण्याच्या मोहात पडतात, नकाशावर ठिपके भरपूर दिसले की काम झाल्यासारखं वाटतं. प्राणी लाजाळू असेल तर हा मोह आवरा. उलट प्रजाती फार थोड्या जागी असेल पण असेल तिथे सहज दिसत असेल, तर जागा वाढवणं फायद्याचं. दोन्ही गोष्टी अंदाजे तरी माहीत हव्यात, म्हणून आधी दहा-पंधरा जागांवर छोटी चाचणी फेरी करा. ती फेरी वेळेअभावी गाळू नका.

पायरी ४: वहीत काय लिहायचं

इथे मी थोडा हट्टी आहे, कारण फील्डवर लिहिलं नाही ते नंतर कुठल्याही संगणकाला निर्माण करता येत नाही. माझ्या सुरुवातीच्या एका सर्वेक्षणात मी प्राणी दिसला तेवढ्याच भेटी नोंदवल्या होत्या. न दिसलेल्या भेटींचे दिवस आठवून भरावे लागले, आणि आठवणीने भरलेली माहिती शेवटी वगळावी लागली.

प्रत्येक भेटीला, प्राणी दिसो वा न दिसो, एक ओळ लिहायची. तिच्यात तारीख, सुरू केल्याची आणि संपवल्याची वेळ, निरीक्षकाचं नाव, वाऱ्याचा जोर, ढग, पाऊस, तापमान, आवाजाचा अडथळा, आणि रात्रीचं काम असेल तर चंद्राची कला. एवढ्यातलं जे तुमच्या प्राण्याला लागू असेल ते घ्या.

शून्य आणि रिकामी जागा यांत फरक ठेवा. गेलात आणि दिसला नाही, तर ०. पुरामुळे जाताच आलं नाही, कॅमेरा बंद पडला, तर ‘माहिती नाही’ अशी वेगळी खूण. गळलेल्या भेटी हिशोबाला चालतात, सगळ्या जागांना सारख्याच भेटी हव्यात असंही नाही. मात्र न झालेल्या भेटीला शून्य लिहिलंत तर संभाव्यता खोटी खाली येईल.

आणखी एक: एकच निरीक्षक नेहमी एकाच भागात पाठवू नका. सगळी दलदलीची तळी एकीने पाहिली आणि सगळी खडकाळ तळी दुसऱ्याने, तर फरक तळ्यांचा की कानांचा, हे कधीच सांगता येणार नाही. माणसं आणि वेळा आलटूनपालटून ठेवा. पहाटेच्या पहिल्या जागी नेहमी तीच जागा येत असेल तर पुढच्या फेरीत क्रम उलटा करा.

पायरी ५: हाताने हिशोब

आता त्या साठ तळ्यांकडे परत येऊ. समजा, प्रत्येक तळ्यावर दोन भेटी झाल्या. १० तळ्यांवर बेडूक दोन्ही वेळा मिळाला, २० तळ्यांवर एकदाच, आणि ३० तळ्यांवर एकदाही नाही. एका भेटीत आढळण्याची संभाव्यता किती?

पहिला मोह: एकूण नोंदी भागिले एकूण भेटी. नोंदी ४० (दहा तळ्यांच्या वीस आणि वीस तळ्यांच्या वीस), भेटी १२०, उत्तर ०.३३. हे चूक, कारण भाजकात बेडूक नसलेली तळीही आली. या आकड्यात व्याप्ती आणि संभाव्यता एकमेकांशी गुणल्या गेल्या आहेत.

दुसरा मोह: बरं, मग जिथे बेडूक मिळाला तेवढीच ३० तळी घेऊ. नोंदी ४०, भेटी ६०, उत्तर ०.६७. हेही चूक, आणि ही चूक जास्त लबाड आहे. बेडूक असूनही दोन्ही वेळा हुकलेली तळी या हिशोबातून आपोआप गळाली. अपयश वगळून यशाचं प्रमाण काढलं तर ते जास्तच येणार.

बरोबर वाट अशी. बेडूक असलेल्या तळ्यावर दोन्ही वेळा मिळण्याची शक्यता म्हणजे संभाव्यता गुणिले संभाव्यता. नेमकं एकदाच मिळण्याची शक्यता म्हणजे दोन गुणिले संभाव्यता गुणिले न मिळण्याची शक्यता. या दोघांचं गुणोत्तर तुमच्या वहीत आहेच: १० विरुद्ध २०. ते सोडवलं की सोपं सूत्र मिळतं: दोनदा मिळालेल्या तळ्यांची दुप्पट, भागिले तीच दुप्पट अधिक एकदा मिळालेली तळी. २० भागिले ४०, म्हणजे ०.५.

ताळा करून बघा. संभाव्यता ०.५ असेल तर दोन्ही वेळा हुकण्याची शक्यता ०.२५, निदान एकदा मिळण्याची ०.७५. ३० तळी ही खऱ्या तळ्यांच्या ७५ टक्के आहेत, तर खरी तळी ४०. म्हणजे व्याप्ती ६० पैकी ४०, ०.६७. वहीतल्या तीस शून्यांपैकी दहा तळ्यांवर बेडूक होता. ४० तळ्यांतून १० दोनदा, २० एकदा, १० एकदाही नाही: आकडे नेमके जुळतात.

पण ४० हा आकडा लगेच पाठ करू नका. वर सांगितलेली ०.१२ ची त्रुटी याच उदाहरणाची आहे. ९५ टक्के विश्वासांतर, म्हणजे खरा आकडा ज्या दोन टोकांच्या मधे असावा ती टोकं, ढोबळमानाने ०.४३ ते ०.९१ येतं, म्हणजे २६ ते ५४ तळी. त्यातही ३० तळ्यांवर तर बेडूक प्रत्यक्ष मिळालाच आहे. दोन भेटींच्या सर्वेक्षणाची मर्यादा इथे डोळ्यांना दिसते.

पायरी ६: तीन किंवा जास्त भेटी, आणि सॉफ्टवेअर

भेटी वाढल्या की प्रत्येक जागेचा नोंद-इतिहास लिहायचा. १०१ म्हणजे पहिल्या भेटीत मिळाला, दुसऱ्यात नाही, तिसऱ्यात मिळाला. या इतिहासाची शक्यता: व्याप्ती × मिळण्याची × न मिळण्याची × मिळण्याची. ००० या इतिहासाला मात्र दोन वाटा असतात. एक, प्राणी होता आणि तीनदा हुकला. दुसरी, प्राणी नव्हताच. दोन्हींची बेरीज घ्यायची. सगळ्या जागांच्या अशा शक्यता एकमेकींशी गुणल्या की जे बनतं ते सर्वात मोठं करणारे व्याप्ती आणि संभाव्यतेचे आकडे शोधायचे. यंत्र आत एवढंच करतं.

ही मांडणी २००२ मध्ये मॅकेन्झी आणि सहकाऱ्यांनी ‘इकॉलॉजी’ या नियतकालिकात केली. त्यांचं उदाहरणही बेडूक-भेकांचंच होतं: अमेरिकेतल्या मेरीलँडमधल्या ३२ पाणथळ जागा. अमेरिकन भेक प्रत्यक्षात ३४ टक्के जागांवर मिळाला होता, संभाव्यता हिशोबात धरल्यावर अंदाज ४९ टक्क्यांवर गेला. त्याच सर्वेक्षणातल्या दुसऱ्या, सहज ऐकू येणाऱ्या बेडकाच्या बाबतीत मात्र फारसा फरक पडला नाही. जिथे संभाव्यता चांगली असते तिथे हे गणित निमूटपणे बाजूला होतं, ही त्याची मोठी गोष्ट.

आज बहुतेक जण ‘आर’ या मोफत संगणकभाषेतलं ‘अनमार्क्ड’ हे पॅकेज वापरतात. ‘प्रेझेन्स’ आणि ‘मार्क’ हे प्रोग्रामही आहेत. तीन तक्ते लागतात: नोंद-इतिहासाचा (ओळीत जागा, स्तंभात भेट), जागेच्या गुणांचा (झाडोरा, पाण्याची खोली) आणि भेटीच्या गुणांचा (वारा, वेळ, निरीक्षक). ‘अनमार्क्ड’मध्ये एक खड्डा आहे ज्यात जवळपास प्रत्येक नवखा पडतो: सूत्रात आधी संभाव्यतेचे घटक लिहायचे असतात, नंतर व्याप्तीचे. उलट लिहिलंत तर कधीकधी प्रोग्राम तक्रारही करत नाही, सरळ चुकीचं उत्तर देतो.

उत्तरं लॉजिट या मापावर (असण्याच्या आणि नसण्याच्या शक्यतांच्या गुणोत्तराचा लॉगॅरिदम) येतात, थेट संभाव्यता म्हणून नाहीत. −०.८५ दिसलं तर घाबरू नका, ते उलटवून घेतलं की ०.३० होतं. वाऱ्याचा गुणक −०.६ आला, तर वारा सरासरीपेक्षा एका प्रमाण विचलनाने वाढल्यावर −१.४५, म्हणजे ०.१९. म्हणून आलेख नेहमी उलटवलेल्या मापावर काढा, वाचणाऱ्यालाही कळतं आणि आपल्यालाही. घटक निवडताना प्राण्याच्या सवयींवरून आधी चार-पाच प्रारूपं कागदावर लिहा आणि मग एआयसीने (प्रारूप माहितीशी किती जुळतं आणि त्यासाठी किती घटक लागले यांचा मेळ घालणारा आकडा, जितका कमी तितका बरा) तुलना करा. तीस जागांच्या माहितीवर दहा घटक लादले तर यंत्र काहीतरी उत्तर देईलच, त्यावर विश्वास ठेवू नका.

जिथे हिशोब गुपचूप चुकतो

सगळ्या जागांवर संभाव्यता सारखी धरली आणि ती तशी नसली तर काय होतं? पुन्हा ४० तळी घ्या जिथे बेडूक नक्की आहे. वीस तळ्यांवर संभाव्यता ०.८, वीस तळ्यांवर ०.२. दोन भेटींत सरासरी १३.६ तळ्यांवर दोनदा मिळेल, १२.८ वर एकदा, १३.६ वर एकदाही नाही. मघाचं सूत्र लावलं तर संभाव्यता ०.६८ येते आणि बेडूक असलेली तळी अवघी २९. खरी होती ४०. म्हणजे गणित करूनही आपण अकरा तळी गमावली, कारण ०.२ वाली तळी हिशोबात पुरेशी दिसलीच नाहीत. अशी विषमता व्याप्तीला नेहमी खाली ओढते.

ही विषमता बहुतेकदा संख्येतून येते. ज्या तळ्यावर शंभर बेडूक आहेत तिथे एखादा तरी ओरडणारच. जिथे तीनच आहेत तिथे शांतता. रॉयल आणि निकोल्स यांनी २००३ मध्ये हाच धागा पकडून जागेवरची संख्या आणि संभाव्यता जोडणारं प्रारूप दिलं. पण त्याआधी साधा उपाय करा: विषमतेची कारणं भेटीच्या आणि जागेच्या घटकांत आणा. पायरी ४ मधली वही इथे कामाला येते.

दुसरी चूक ओळखीची. वरचा सगळा हिशोब धरून चालतो की नोंद खोटी नसते: जो नव्हता तो ‘दिसला’ असं कधी लिहिलं जात नाही. प्राणी नसलेल्या १०० जागा घ्या, प्रत्येक जागी पाच भेटी, आणि प्रत्येक भेटीत चुकीची ओळख होण्याची शक्यता फक्त २ टक्के. तरी जवळपास दहा जागांवर निदान एक खोटी नोंद होते. वर गणित समजतं की ‘एकदाच मिळाला’ म्हणजे संभाव्यता कमी, आणि व्याप्ती आणखी वाढवतं. चुका एकमेकींवर चढतात. म्हणून शंका असलेली नोंद वेगळ्या खुणेने लिहा, छायाचित्र किंवा ध्वनिमुद्रण ठेवा, आणि पक्क्या नोंदींवरच मुख्य विश्लेषण करा. खोट्या नोंदी सामावून घेणारी प्रारूपंही आहेत, पण त्यांनाही काही पक्क्या नोंदी लागतातच.

तिसरी, संभाव्यता फारच कमी असणं. साधारण ०.३ च्या वर असली की ही पद्धत चांगली वागते. ती बरीच खाली असेल आणि भेटीही मोजक्या असतील, तर यंत्राला ‘थोड्या जागा’ आणि ‘सगळ्या जागा पण कधीच न दिसणारा प्राणी’ यांत फरक करता येत नाही. व्याप्ती १ ला चिकटून आली किंवा प्रमाण त्रुटी अवाढव्य आली, तर ती धोक्याची घंटा आहे. इथे सॉफ्टवेअर बदलून उपयोग नाही. पद्धत बदला: भेटीचा वेळ वाढवा, योग्य तास निवडा, कॅमेरे लावा, पाण्याच्या नमुन्यातून डीएनए तपासण्याचा विचार करा.

प्रारूप बसतं की नाही ही तपासणीही राहू देऊ नका. मॅकेन्झी आणि बेली यांची २००४ ची बूटस्ट्रॅप चाचणी (प्रारूपातूनच पुन्हा पुन्हा कृत्रिम माहिती बनवून ती खऱ्या माहितीशी ताडून पाहणारी) यासाठी रूढ आहे. तिच्यातून येणारा सी-हॅट हा आकडा १ च्या आसपास असावा. तो बराच मोठा असेल तर माहितीत असं काही आहे जे प्रारूपाने पकडलेलं नाही, आणि तुमच्या त्रुटी तुम्हाला वाटतात त्याहून मोठ्या आहेत.

प्राणी मोजायचे असतील तर

आतापर्यंत ‘आहे की नाही’ हाच प्रश्न होता. ‘किती’ हा प्रश्न असेल तर साधनं वेगळी, तत्त्व तेच.

दोन निरीक्षकांचा हिशोब सर्वात सोपा. एकाने ३० पक्षी नोंदवले, दुसऱ्याने २४, दोघांच्या यादीत सामाईक १८. दुसऱ्याच्या २४ पैकी १८ पहिल्याला दिसले, म्हणून पहिल्याची संभाव्यता ०.७५. पहिल्याच्या ३० पैकी १८ दुसऱ्याला दिसले, म्हणून दुसऱ्याची ०.६. दोघांपैकी एकाला तरी दिसण्याची ०.९. दोघांना मिळून ३६ पक्षी दिसले, तर एकूण सुमारे ४०. कोणता पक्षी कोणी पाहिला हे जुळवता यायला हवं, हीच यातली मेख.

अंतर-नमुना पद्धतीत सरळ रेषेवरून चालत प्रत्येक प्राण्याचं रेषेपासूनचं काटकोनातलं अंतर मोजतात. लांबचे प्राणी हुकतात, आणि अंतरासोबत नोंदी कशा घटतात यावरूनच संभाव्यता निघते. दोन पथ्यं कडक: रेषेवरचा प्राणी कधीही सुटता कामा नये, आणि अंतर प्राणी तुम्हाला पाहून हलण्याआधीच्या जागेपासून मोजायचं. रेषेसाठी किमान ६० ते ८० नोंदी असाव्यात असा संकेत आहे.

पायरी ७: अहवालात, आणि पुन्हा तळ्यावर

अहवालात व्याप्तीसोबत संभाव्यता, दोन्हींची विश्वासांतरं, भेटींची संख्या आणि भेटीचा कालावधी लिहा. प्रत्यक्ष किती जागांवर प्राणी मिळाला तो कच्चा आकडाही शेजारी ठेवा. पुढे कोणी तेच सर्वेक्षण पुन्हा करेल तेव्हा त्याला हे सगळं लागेल.

आणि प्रत्येक शून्याला त्याचा स्वतंत्र आकडा द्या. समजा व्याप्ती ०.६ निघाली, संभाव्यता ०.३, आणि एका तळ्यावर चारही भेटी कोऱ्या गेल्या. बेडूक होता आणि चारदा हुकला याची शक्यता ०.६ × ०.२४ = ०.१४४. नव्हताच याची ०.४. दोन्हींच्या बेरजेत पहिलीचा वाटा २६ टक्के. म्हणजे त्या तळ्यावर बेडूक असण्याची शक्यता अजून चारात एक आहे. ज्या तळ्याजवळ बुजवण्याचं, बांधकामाचं किंवा पाणी उपसण्याचं काम येऊ घातलंय, तिथे ‘बेडूक नाही’ असं प्रमाणपत्र देण्याआधी हा आकडा समोर ठेवा, आणि शक्य असेल तर वारा पडलेल्या, पावसानंतरच्या एखाद्या संध्याकाळी आणखी दोनदा जाऊन या.